अंकल सॅमचा तोतया

जावयाने गल्ला जेवणाच्या टेबलावर ठेवला तेव्हा दोन आवाज आले. एक मुलीचा, "आधी खाली पेपर घाल." दुसरा गल्ल्याचा. बीड लाकडावर टेकताना येतो तसा जड, बसका. आयुष्यभर कोल्हापुरात पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामासाठी लागणारे नमुने घडवणारा, म्हणून काम केल्यामुळे हा आवाज मला झोपेतही कळतो. एवढ्यावरून इतकंच समजलं की वस्तू खरोखर ओतीव लोखंडाची आहे. कधी ओतली, हा प्रश्न पुढचा, आणि त्याचं उत्तर मिळायला बारा दिवस गेले.

आम्ही दोघं तेव्हा मुलीकडे न्यू जर्सीत होतो. शनिवारी जावई मला पेन्सिल्व्हेनियातल्या जुन्या वस्तूंच्या एका बाजारात घेऊन गेला. मैदानभर टेबलं आणि टेबलांवर घराघरांतलं सामान. त्याला जुन्या खेळण्यांचा नाद नवाच लागलेला, मी आपला हत्यारांच्या टेबलांकडे वळलो. तासाभराने भेटलो तेव्हा दोघांच्याही हातात पिशवी होती. माझ्या पिशवीत आठ डॉलरची एक पोलादी पट्टी, त्याच्या पिशवीत साडेबाराशे डॉलरचा अंकल सॅम. पट्टीची हकिकत पुढे येईलच.

हा गल्ला ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. उंच टोपी, निळा कोट, पट्ट्यापट्ट्यांची विजार आणि पांढरी दाढी असा अंकल सॅम, म्हणजे अमेरिकेच्या सरकारचं माणसाच्या रूपातलं प्रतीक, एका बैठकीवर उभा असतो. एक हात पुढे पसरलेला. त्या तळव्यावर नाणं ठेवायचं आणि मागचा खटका दाबायचा. हात खाली येतो, पायाशी ठेवलेली प्रवासी थैली तोंड उघडते, नाणं आत पडतं, आणि म्हातारबुवांची दाढी हलते, जणू पैसे घेतल्यावर दोन शब्द बोलणं भागच आहे. थैलीवर ‘यू. एस.’ लिहिलेलं. कर भरणाऱ्या बापाने पोराला बचत शिकवण्यासाठी नेमकं हेच खेळणं आणावं, यातली गंमत करणाऱ्यालाही कळलेली असणार. बफेलो शहरातल्या शेपर्ड हार्डवेअर कंपनीचं हे काम, पेटंट ८ जून १८८६ चं.

अमेरिकेत असे गल्ले यादवी युद्धानंतर आले. युद्धाच्या काळात लोकांनी नाणी दडवली होती, चिल्लर म्हणून कागदाचे तुकडे चालत होते. नाणी पुन्हा हातात खेळू लागल्यावर ती साठवायचे गल्ले निघाले. १८६९ मध्ये कनेटिकटमधल्या क्रॉमवेल गावच्या जे. अँड ई. स्टीव्हन्स कंपनीने ‘हॉल्स एक्सेलसियर’ हा बिडाचा यांत्रिक गल्ला काढला आणि मग रांगच लागली. त्याच कंपनीचा ‘टॅमनी’ गल्ला तर आपल्याकडच्या कुठल्याही नगरपालिकेत शोभावा: खुर्चीत बसलेला गलेलठ्ठ पुढारी हातावर ठेवलेलं नाणं खिशात घालतो आणि मान डोलावून आभार मानतो. न्यूयॉर्कच्या टॅमनी हॉल या राजकीय संघटनेतला भ्रष्ट पुढारी बॉस ट्वीड, त्याच्या कारभाराची आठवण ताजी असतानाचा, १८७३ च्या पेटंटचा हा माल. सगळेच असे निर्मळ विनोदाचे नाहीत. काळ्या माणसांची, आयरिश आणि चिनी लोकांची ओंगळ टिंगल करणारे गल्लेही याच भट्ट्यांतून निघाले, आणि त्यांच्याही नकला आजवर खपतात. मिशिगनच्या फेरिस स्टेट विद्यापीठात वर्णद्वेषी वस्तूंचं संग्रहालय आहे, तिथे अशी खेळणी ठेवलेली आहेत. ती जागा त्यांना योग्य.

रंग शाबूत असलेला अस्सल गल्ला आज हजारो डॉलरला जातो. पेन्सिल्व्हेनियातल्या डेन्व्हर गावी २००७ मध्ये एका दांपत्याचा संग्रह लिलावात निघाला, त्याची एकूण रक्कम ७० लाख डॉलरच्या पुढे गेली. जिथे एवढा पैसा तिथे तोतये आलेच. पानिपतात बेपत्ता झालेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावानेसुद्धा पुढे तोतया उभा राहिला होता. तिथे निदान खऱ्या भाऊंना ओळखणारी माणसं हयात होती. १८८६ चा गल्ला ओतताना पाहिलेलं कोण शिल्लक आहे?

जावयाची बाजू आधी मांडतो, कारण ती वेड्यासारखी नव्हती. त्याच्याकडे पाच पुरावे होते. गल्ल्यावर पेटंटची तारीख स्पष्ट उठलेली. लोहचुंबक चिकटतो. वजन भरपूर. रंग जागोजागी उडालेला आणि गंज चढलेला. पाचवा, ज्याच्यावर त्याची खरी भिस्त होती, तो म्हणजे तळाचं नाणी काढायचं झाकण. विकणाऱ्याने ते त्याला मुद्दाम उलटं करून दाखवलं होतं. पातळ, गुळगुळीत, काळपट, किल्लीचं भोक झिजलेलं. "बाबा, हे तरी बघा," जावई म्हणाला. मी बघितलं. झाकण जुनंच होतं. त्यावर माझं आजही दुमत नाही.

तारखेपासून सुरुवात करतो, कारण गिऱ्हाईक सगळ्यात आधी तिलाच फसतं. बीड ओततात वाळूत. पॅटर्न ओलसर वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा, राहिलेल्या पोकळीत रस ओतायचा. वाळूला वाचता येत नाही. समोर जे दाबाल ते ती उचलते: नाक, बटण, अक्षरं, सन, सगळं. अस्सल गल्ला सुटा करून त्याचे भागच पॅटर्न म्हणून वाळूत दाबले तर १८८६ ही तारीखही आपोआप उठते, कुणाला वेगळं खोटं लिहावं लागत नाही. म्हणून तारीख असणं हा पुरावाच नव्हे. तारीख कशी उठली आहे, हे मात्र बघण्यासारखं असतं. भिंगाखाली धरली तर या गल्ल्यावरच्या अक्षरांच्या कडा गोलावलेल्या होत्या, साबणाच्या वडीवरचं नाव दोन आंघोळींनंतर दिसावं तशा. बैठकीवरच्या गरुडाची पिसं एकमेकांत मिसळलेली. नकलेत बारकावा असा मरतोच. त्यात मूळ गल्ल्यावर रंगाचे थर असतात आणि वाळू त्यांची जाडीही इमानदारीने उचलते.

चुंबकाचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. चुंबक जुन्या बिडालाही चिकटतो आणि गेल्या महिन्यात ओतलेल्या बिडालाही. आणि चिकटला नाही म्हणून प्रत्येक गल्ला खोटा असंही नाही, इंग्लंडमध्ये बर्नलीच्या स्टार्कीने अॅल्युमिनियमचे गल्ले काढले होते आणि ते अस्सल म्हणूनच जमवले जातात.

वजनाबद्दल मात्र जावयाचा हिशेब नेमका उलटा होता. "केवढा जड आहे!" हे त्याच्या मनात अस्सलपणाचं लक्षण. ओतकामवाल्याला जड म्हणजे जाड, आणि जाड म्हणजे सोपं. बिडाची पातळ भिंत ओतणं अवघड असतं, रस कोपऱ्यापर्यंत पोचण्याआधीच गोठतो. जुने लोक शोभेच्या पातळ कामाला फॉस्फरस जास्त असलेलं बीड वापरत. ते पाण्यासारखं वाहतं, पण ठिसूळ होतं, म्हणून शेगड्या आणि खेळणी पडली की तडकतात. वाळूही बारीक चाळलेली घेत. मागे कुठल्याशा प्रदर्शनात मी एक जुना गल्ला हातात घेतला होता, तो दिसण्याच्या मानाने हलका लागला होता. हा उचलताना मनगटाला कळलं की भिंत जाड आहे. पण "मनगटाला कळलं" हा पुरावा म्हणून जावयापुढे ठेवता येत नाही. तो सॉफ्टवेअरवाला आहे, आकडा मागतो.

मग रंग आणि गंज. शेपर्डच्या गल्ल्यांबद्दल जमवणाऱ्यांमध्ये एक गोष्ट सर्वज्ञात आहे: ते अस्तराचा हात न देता थेट बिडावर रंग लावत, म्हणून त्यांचा रंग फार पोपडतो. रंग उडालेला शेपर्ड ही त्यामुळे नवलाची गोष्ट नाही, आणि नकला करणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. प्रश्न असा की रंग कुठून उडाला आहे? खेळणं झिजतं ते वापराच्या जागी. मुलाचा अंगठा खटक्यावर, नाणं तळव्यावर, बोटं बैठकीच्या कडेवर. या अंकल सॅमचे गाल झिजले होते, टोपीची कड झिजली होती, दोन्ही गुडघे अगदी सारखे झिजले होते. पण ज्या तळव्यावर पिढ्यान्‌पिढ्या नाणी पडायला हवी होती तो जवळजवळ कोरा. नव्या नवरीचा हात असावा तसा. भिंगातून गुडघ्यावर एकाच दिशेने गेलेल्या बारीक समांतर रेघा दिसल्या. त्या पॉलिश पेपरच्या. काळ कधी एकाच दिशेने घासत नाही.

गंजाला मी पांढरा रुमाल लावला. रुमाल नारिंगी झाला. जुना गंज सावकाश चढतो, बिडाला धरून बसतो, रंगाने गडद तपकिरी ते काळा, आणि बोटाला सहसा येत नाही. नारिंगी, भुसभुशीत, पुसला की हाताला येणारा गंज काही आठवड्यांत मिठाच्या पाण्याने किंवा आम्लाने आणता येतो. अर्थात जुना गल्ला कुणी ओल्या तळघरात टाकला तर त्यालाही वरून नवा गंज चढेल. म्हणून नुसत्या गंजावर निकाल द्यायचा नाही. तो कशाच्या वर चढलाय ते बघायचं.

हे बघायला गल्ला उघडावा लागला. मी आधी तसं सुचवलं नव्हतं, कारण अस्सल निघाला तर स्क्रूच्या खाचेतला जुना रंग आणि मळ फुटता कामा नये. खाच भरलेली, न मोडलेली असणं हीसुद्धा जुन्या गल्ल्याची एक मिळकत असते. पण इथे खाच आधीच चकचकीत होती. स्क्रू जुन्या पद्धतीचा, सरळ एका खाचेचा. अधिकच्या चिन्हासारख्या खाचेचा स्टार (फिलिप्स) स्क्रू असता तर तिथेच थांबलो असतो: फिलिप्सचं पेटंट १९३६ चं, १८८६ च्या गल्ल्यात तो नंतरच्या दुरुस्तीतच येऊ शकतो. विकणाऱ्यांनाही हे माहीत असल्यामुळे स्टार स्क्रू बदलून साधे घालतात.

इथे माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. स्क्रू काढून त्यावर थ्रेड गेज, म्हणजे आट्यांमधलं अंतर मोजायचं दातेरी पानांचं हत्यार, लावला तर ०.८ मिलिमीटरचं पान बरोबर बसलं. मी टेबलावर हात आपटला. मेट्रिक आटे! १८८६ च्या बफेलोत मेट्रिक स्क्रू कुठून येणार? हा तर आशियातला नवा स्क्रू. जावयाचा चेहरा पडला. रात्री झोप येईना म्हणून पुन्हा हिशेब केला. अमेरिकेतला दहा नंबरचा, इंचाला बत्तीस आट्यांचा स्क्रू घेतला तर त्याचा एक आटा ०.७९४ मिलिमीटरचा येतो, आणि व्यास ४.८३. पाच मिलिमीटरच्या मेट्रिक स्क्रूचा आटा ०.८. जेमतेम अर्धा इंच लांबीच्या, झिजलेल्या स्क्रूवर दोन्ही पानं बसणार. माझा साक्षीदार दोन्हीकडून बोलत होता. सकाळी जावयाला सांगितलं, "तो स्क्रू विसर. त्यावरून काहीच ठरत नाही." त्याला आनंद झाला, तो मला बघवला नाही.

गल्ल्याच्या आत मात्र पोटातलं सगळं दिसत होतं. बाहेरून दिसणाऱ्या भागाला रंग, गंज, पॉलिश पेपर लावता येतो. आत हात घालायला कुणाला उसंत? भिंतीला भाजलेली वाळू चिकटलेली होती, खडबडीत, आमच्याकडे पंपाच्या केसिंगला असली तर ओतीव साफ करणाऱ्या फेटलिंगवाल्याला दोन शिव्या बसतील अशी. पुतळा पुढचा-मागचा अशा दोन अर्ध्यांचा. जुन्या कामात हे अर्धे असे बसतात की सांध्यात नख जात नाही, कारण पॅटर्नच तितका नेमका असे आणि राहिलेला फरक कानशीने काढत. इथे सांध्यात पोस्टकार्ड गेलं. सांध्याच्या तोंडावर आणि तळाच्या कडेवर रुंद, सरळ, खोल चरे, वेगात फिरणाऱ्या विजेच्या ग्राइंडरचे. आणि नारिंगी गंज त्या चऱ्यांच्या आत बसलेला. म्हणजे क्रम लागला: आधी ग्राइंडर, मग गंज. हातकानशीच्या आणि ढोलात घालून घासण्याच्या काळातली वस्तू असे चरे घेऊन फिरत नाही.

अजून जावई मानायला तयार नव्हता. "कुणी नंतर दुरुस्त करताना ग्राइंडर मारला असेल तर?" प्रश्न रास्त होता. बीड फुटतं, लोक जोडतात. "आणि झाकण? ते तर तुम्हीच जुनं म्हणालात."

आता पट्टी.

बाजारात हत्यारांच्या टेबलावर ही पोलादी पट्टी दिसली तेव्हा विकणारी बाई प्रामाणिकपणे म्हणाली की हिच्यात दोष आहे, दुसऱ्या पट्टीशी जुळत नाही, म्हणून स्वस्त. मी उलटी केली. मागे बारीक अक्षरांत कोरलं होतं, फुटाला एक अष्टमांश इंच आकुंचन. ती पॅटर्नमेकरची पट्टी होती, आम्ही तिला कॉन्ट्रॅक्शन स्केल म्हणतो. बीड गोठून थंड होताना फुटामागे साधारण एक अष्टमांश इंच आखडतं, शेकड्याला एक म्हणा. म्हणून बारा इंचाचं ओतीव हवं असेल तर पॅटर्न सव्वाबारा नव्हे, बारा आणि एक अष्टमांश करावा लागतो. दर वेळी ही बेरीज करत बसू नये म्हणून पट्टीच तेवढी ताणून आखलेली असते. तिचा प्रत्येक इंच खऱ्या इंचापेक्षा शंभरात एकाने मोठा. पॅटर्नमेकर तिच्यावर बारा मोजतो, आणि ओतून निघालेला भाग साध्या पट्टीवर बारा भरतो. माझी कोल्हापुरातली पट्टी पुतण्याकडे दिलेली, म्हणून हिला पाहून जीव अडकला, एवढंच. ती त्याच दिवशी घेतलेल्या गल्ल्याच्या उपयोगी पडेल असं डोक्यातही नव्हतं.

आकुंचनाचा नियम तोतयाच्या मुळावर येतो. शेपर्डच्या पॅटर्नमेकरने आपल्या पॅटर्नला आकुंचनाची भर दिली होती, उलट धातूचे कामकाजी पॅटर्न आधी एका मूळ पॅटर्नवरून ओतायचे असतील तर ती भर दोनदा द्यावी लागते. नक्कल करणारा जेव्हा तयार गल्लाच पॅटर्न म्हणून वाळूत दाबतो तेव्हा त्याला भर कुणीच दिलेली नसते. निघणारी नक्कल शेकड्याला एकाने लहान येते. नकलेची नक्कल काढली तर आणखी एकाने. रंग फासता येतो, गंज आणता येतो, स्क्रू बदलता येतो, पण आखडलेलं बीड परत ताणता येत नाही. नवा, भर दिलेला पॅटर्न शून्यापासून कोरला तरच माप जुळेल. ते महिनोन्‌महिन्यांचं काम, आणि एवढं कोरता येणारा माणूस चोऱ्या करत हिंडत नाही असं मला वाटायचं. तो भाबडेपणा असेल.

मात्र मोजायचं तर शेजारी अस्सल हवा. जावयाच्या ऑफिसातल्या एका सहकारिणीचे वडील लँकेस्टरकडे राहतात, चाळीस-पन्नास वर्षं गल्ले जमवतात. त्यांनी बोलावलं. बाराव्या दिवशी आम्ही त्यांच्या तळघरात होतो. म्हाताऱ्याने आमचा गल्ला हातात घेतला, उलटा केला, आणि काहीच बोलला नाही. आमच्याकडे वैद्य नाडी बघून गप्प बसतात तसा. मग कपाटातून स्वतःचा अंकल सॅम काढला. त्याचा निळा कोट निम्मा पोपडलेला, तळवा खरवडून लोखंडापर्यंत गेलेला.

दोन्ही शेजारी उभे केले. नुसत्या डोळ्याला फरक कळेना. साध्या पट्टीवर त्यांचा साडेअकरा इंच भरला. आमचा अकरा आणि तीन अष्टमांश. म्हणजे तीन मिलिमीटर कमी. मग मी पिशवीतून आठ डॉलरची पट्टी काढली आणि त्यांच्या अस्सल गल्ल्याला लावली. रेघ अकरा आणि तीन अष्टमांशवर आली. जावयाला म्हटलं, "साधी पट्टी आपल्या गल्ल्याला धर आणि आकडा वाच." दोन पट्ट्यांवर एकच आकडा. अस्सल गल्ला पॅटर्न मानून ओतलं तर जेवढं यावं, बरोब्बर तेवढाच आमचा होता.

म्हातारा पट्टीकडे बघत राहिला. त्याने असं मापन आयुष्यात पाहिलं नव्हतं. जमवणारे लोक दुसरी युक्ती वापरतात, ती त्याने दाखवली: अस्सल गल्ल्यांच्या बैठकीभोवती पेन्सिल फिरवून काढलेले कागद. आमची बैठक त्या रेघेत ठेवली तर चहूबाजूंनी अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची पांढरी किनार राहिली. एकूण उंची सांधे कसे बसले यावरही थोडी हलते, म्हणून बैठकीसारख्या एकाच ओतीव भागाचं माप जास्त भरवशाचं. आम्ही थैलीही व्हर्नियरने मोजली, हातही मोजला. प्रत्येक भाग त्याच प्रमाणात लहान. एखादा भाग लहान निघाला असता तर फुटलेल्या जागी नवा घातलाय असं म्हणता आलं असतं, आणि जावयाच्या दुरुस्तीच्या शंकेला जागा राहिली असती. सगळेच भाग एकजात आखडले होते.

राहिलं झाकण. तेच आता उलटलं. झाकण खरोखर जुन्या कुठल्यातरी गल्ल्याचं होतं, पण नकलेचं भोक त्याच्यासाठी लहान पडलं होतं. मग कुणीतरी ते भोक ग्राइंडरने वाढवलं, झाकण बसवलं आणि वरून काळा रंग मारला. नखाने रंग खरवडला तर भोकाच्या कडेला उजळ लोखंड. ज्या तुकड्यावर जावयाचा सगळ्यात जास्त विश्वास होता तो तुकडा विश्वास बसावा म्हणूनच आणून बसवलेला. आपल्याकडे पितळ उघडं पडतं म्हणतात. इथे बीड उघडं पडलं.

सगळ्या नकला फसवण्यासाठी केलेल्या नसतात, हे म्हाताऱ्याने आवर्जून सांगितलं. १९५० च्या दशकात ग्रोलियर कंपनीने आपल्या ‘बुक ऑफ नॉलेज’ या ज्ञानकोशाच्या नावाने जुन्या गल्ल्यांच्या नकला काढल्या. तळाला सरळ लिहिलेलं असे की ही मूळ वस्तूवरून केलेली प्रतिकृती आहे. काम नेटकं, आणि आज त्यांनाही स्वतःचं गिऱ्हाईक आहे. सस्क्वेहाना नदीकाठच्या राइट्सव्हिलमधल्या जॉन राइट कंपनीनेही उघडपणे प्रतिकृती विकल्या. पुढे तैवानमधून स्वस्त माल आला, त्यावर देशाचं नाव असे पण चिकटपट्टीवर, जी एका नखाने निघते. गडबड करतो तो मधला माणूस. तो तळाची अक्षरं घासून काढतो, पुट्टी भरतो, गंज चढवतो. आमच्या तळावर घासलेल्या अक्षरांची सपाट जागा आम्ही शोधली, पण तळ सगळाच ग्राइंडरने इतका खाल्लेला की ती खूण असली तरी सापडण्यासारखी नव्हती. भिंतीच्या जाडीवरून आणि आतल्या वाळूवरून हा ग्रोलियरचा नसावा, त्याहून हलक्या प्रतीचा असावा, असं आम्हा दोघांचं मत पडलं.

जावयाने विकणाऱ्याला फोन लावला. मी शेजारीच होतो. समोरच्याचा आवाज अजिबात चढला नाही. "मी कधी म्हटलं तो १८८६ चा आहे? ते त्याच्यावर लिहिलंय." पावती काढून पाहिली. त्यावर फक्त ‘अंकल सॅम गल्ला, ओतीव लोखंड’. दोन्ही गोष्टी खऱ्या. सन नाही, ‘अस्सल’ नाही, ‘मूळ’ नाही. पैसे रोख दिलेले. एवढ्या रकमेची वस्तू घेताना पावतीवर काळ आणि ‘नक्कल निघाल्यास परत’ हे लिहून घ्यायचं असतं, हे म्हाताऱ्याने सांगितलं, पण ते बाराव्या दिवशी. आणखीही एक गोष्ट त्याने सांगितली, ती मला फार चमत्कारिक वाटली. १९७३ च्या अमेरिकी कायद्याप्रमाणे नकली नाण्यावर ‘कॉपी’ हा शब्द उमटवणं बंधनकारक आहे. ज्या गल्ल्यात ते नाणं पडतं, त्याला तो कायदा लागू नाही.

परत येताना गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग जावई म्हणाला, "बाबा, तुमची पट्टी आठ डॉलरला, आणि माझा गल्ला..." मी म्हटलं, "पट्टी तुला ठेवून जातो."

रविवारी गॅरेजमध्ये बसलो. माझ्या मनात तळावर पंचाने अक्षरं ठोकायची होती, पण कसाही असला तरी बीड आहे, हातोडीच्या एका चुकीच्या ठोक्याला तडकेल. जावयाने विजेवर चालणारी कोरणी आणली. काळा रंग खरवडून जागा केली, आणि त्याने त्याच्या हाताने तळावर कोरलं: नक्कल, आणि चालू साल. देवनागरीत कोर म्हटलं तर तो म्हणाला, इथे वाचणार कोण? म्हणून खाली इंग्रजीतही कोरलं. नंतर नातीने पंचवीस सेंटचं नाणं त्या कोऱ्या तळव्यावर ठेवून खटका दाबला. हात खाली आला, पण थैलीचं तोंड ऐन वेळी उघडलंच नाही, नाणं घरंगळून टेबलाखाली गेलं. दाढी तेवढी हलत राहिली.